लेकराचं टॉन्सिलचं ऑपरेशन : खर्च कुठे वाचवायचा, कुठे नाही

राणीसावरगावहून टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी लेकराला गंगाखेड, परभणी, नांदेड किंवा अंबाजोगाईला न्यायचं म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी आलीच. म्हणून मिळालेली तारीख कुणाला सोडवत नाही. लेकरू शिंकत-खोकत असलं तरी ‘आता उरकूनच टाकू’ म्हणून निघतात. खरा धोका इथेच आहे.

धोका कशाचा?
सर्दीने श्वासनळी हुळहुळी झालेली असते. भूल उतरताना थुंकीचा किंवा रक्ताचा थेंब स्वरयंत्रावर पडला, तर ते आवळून मिटतं, हवा आत जात नाही आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा झरझर उतरतो. भूलतज्ज्ञ हे सावरतात, पण वेळ अटीतटीची असते. गेल्या दोन आठवड्यांतली सर्दी, दमा किंवा छातीतली घरघर, झोपेत घोरताना श्वास अडकणं, तीन वर्षांखालचं वय आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर, या सगळ्यांनी धोका वाढतो.

फुकट होणारी काळजी
- निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करा. सर्दी, ताप, खोकला असेल तर स्पष्ट सांगा. तारीख साधारण दोन आठवडे किंवा जास्त पुढे जाईल, पण गाडीभाडं वाचेल.
- घोरताना श्वास अडकत असेल तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.
- घरात विडी-सिगारेट बंद करा. लेकराला चुलीच्या धुरापासून लांब ठेवा.
- साधारणपणे जेवण आणि दूध सहा तास आधी, अंगावरचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ काटेकोर पाळा. ‘थोडंसं बिस्कीट’सुद्धा नको.

पैसे कुठे लागतात?
सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत माफक शुल्क असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र हे ऑपरेशन आणि ते रुग्णालय यादीत आहे का, हे आधी आरोग्यमित्राला किंवा 155388 वर विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही लेकराचा त्रास सांगा.

खासगीत ‘पॅकेज’चा एकच आकडा ऐकून होकार देऊ नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खाट, औषधं आणि तपासण्या वेगवेगळ्या लिहून मागा. दरपत्रक दर्शनी भागात लावणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. मुक्काम वाढला किंवा अतिदक्षता विभाग लागला तर रोजचे किती, हेही आधीच विचारा.

भूलतज्ज्ञांना विचारायचं
1. भूल देण्याआधी लेकराला तपासणार कधी?
2. भूल पूर्ण उतरेपर्यंत जवळ कोण थांबणार?
3. रात्री ठेवावं लागेल का? लहान वय आणि श्वास अडकणं असेल तर मुक्कामाचे पैसे वाचवू नका.
4. आधी साल्ब्युटामॉलचा फवारा द्यावा का? ऑस्ट्रेलियात पर्थला आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फवारा दिलेल्या शंभरातल्या सुमारे 28 मुलांना श्वासाचा काही ना काही त्रास झाला, न दिलेल्यांत सुमारे 48 जणांना. निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

घरी आल्यावर
कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध लेकराला देऊ नका, त्याने श्वास मंदावू शकतो. घशातून रक्त आलं किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर थेट 108 ला फोन करा. रक्तस्राव आठवड्यानंतरही होऊ शकतो, त्यामुळे ऊसतोडीला निघायच्या तोंडावर ऑपरेशन करू नका. दोन आठवडे दवाखाना हाताशी हवा.

काटकसर खोलीच्या दर्जात करा, भूलतज्ज्ञात आणि देखरेखीत नको. आणि लेकरू खोकत असेल तर तारीख पुढे ढकला. एक खेप वाया गेली तरी चालेल.