आमच्या आजीची दिनचर्या

वयाची ६० वर्षे पूर्ण झाली की माणसाला ज्येष्ठ नागरिक म्हणतात. माझी आजी ७६ वर्षांची आहे. म्हातारपणी झोप हलकी होते, म्हणून ती पहाटेच जागी होते. पण एकदम उभी राहत नाही. आधी अंथरुणावर थोडी बसते. झटकन उठले तर रक्तदाब कमी होऊन चक्कर येते.

मग ती तुळशीला पाणी घालते. कोवळ्या उन्हात बसून तांदूळ निवडते. उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. दात नसल्यामुळे ती भाकरी दुधात कुस्करून खाते.

म्हातारपणी तहान कमी लागते, पण शरीराला पाणी लागतेच. आजी म्हणते, "मला नाय तहान." तरी मी तांब्या भरून तिच्याजवळ ठेवतो. मग ती पिते.

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या आजी न्हाणीत घसरल्या. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. अजून त्यांना काठीशिवाय चालता येत नाही.

म्हणून मित्रांनो, ही कामे आपणच करावीत :
१) न्हाणीतले शेवाळ घासून काढावे.
२) वाटेत दप्तर, चपला टाकू नयेत.
३) रात्री उंबऱ्याजवळ उजेड ठेवावा.

यास पैसे लागत नाहीत.