घरी कॉफी भाजताना

महाराष्ट्रात कॉफीसाठी प्रसिद्ध आहे तो अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचा डोंगरमाथा. तेथील हिरवट, कच्चे दाणे हाती आले तर प्रथम मूठभरच भाजावेत. सगळेच करपले की नवशिक्याचा उत्साह मावळतो.

लोखंडी कढई मध्यम आचेवर तापवून दाण्यांचा एकच थर पसरावा. उलथने क्षणभरही थांबू देऊ नये. दाण्यांत सुमारे १० ते १२ टक्के पाणी असते. ते आटत असता दाणे पिवळे पडतात व गवतासारखा वास सुटतो. येथे आच वाढविणाऱ्याच्या वाट्याला बाहेरून काळी, आतून कच्ची कॉफी येते. पुढे तपकिरी रंग चढतो, आणि दाणा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतील वाफेच्या व वायूंच्या दाबाने लाहीसारखा तडकतो. घड्याळापेक्षा कानावर भिस्त ठेवणे बरे. दुसरी, बारीक तडतड ऐकू आली तर कडवटपणा वाढू लागला असे समजावे.

पहिली तडतड ओसरताच दाणे परातीत ओतून वारा घालावा. नुसती कढई उतरवून भागत नाही. दाणे आपल्याच उष्णतेने भाजत राहतात. मग सुपात पाखडून फोलपटे काढावीत आणि एक दिवस धीर धरावा, म्हणजे आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा निघून जातो.