चिखल, सडक आणि सायकलीचा टायर

संगमनेर हें प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेलें गांव. पुणें-नाशिक सडकेवर पावसाची सर आली तर घटकाभरांत पाणी ओसरतें. पण तीच सर नदीकांठच्या काळ्या रानांत पडली म्हणजे पुढें दोन-तीन दिवस पाणंदीनें पाऊल टाकवत नाहीं. सायकलीनें शाळेंत येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांस या दोन्ही वाटा एकाच सकाळीं आक्रमाव्या लागतात. गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील असाच एक विद्यार्थी सडकेच्या वळणावर घसरून पडला. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला म्हणून गुडघ्यावरच निभावलें. टायर झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणून तो पडला, असें सर्वांनीं ठरविलें, व "सर, आतां कोणते टायर घेऊं?" असें विचारीत तो मजकडे आला. वडिलांनीं दिलेल्या पैशांत एकच चांगला टायर येत होता.

प्रथम निदानच तपासून पाहूं. ओल्या डांबरावर सायकलीचा गुळगुळीत टायर सहसा दगा देत नाहीं. मोटारीचें रुंद चाक वेगांत असतां त्याच्याखालीं पाण्याचा थर सांपडतो व चाक तरंगूं लागतें. म्हणून त्यावर पाणी बाहेर काढणाऱ्या चरांची नक्षी लागते. सायकलीचा टायर अरुंद व गोल असल्यानें तो पाणी आपोआप दोहों बाजूंस सारतो. त्यांत दर चौरस इंचास 40 पौंड दाबाची हवा असल्यास असें तरंगण्यास तासाला सुमारें 100 किलोमीटरचा वेग लागेल! तेव्हां आमचा विद्यार्थी पडला तो टायर गुळगुळीत म्हणून नव्हे, तर पाणंदींतील काळा गारा टायरास चिकटून सडकेपर्यंत आला होता म्हणून. रबर डांबरास टेकलेंच नाहीं. मध्यें चिखलाचा लेप होता.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तींतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व वाळतांना आकसतात. उन्हाळ्यांत शेतांस भेगा पडतात त्या यामुळेंच. अशी माती वाफशावर येण्यापूर्वीं चाकास लागली, तर प्रत्येक फेऱ्यागणिक थरावर थर चढतो. मुरमाड वाटेवर ही अडचण फारशी नाहीं.

युरोपांत शेतें, चिखल व थोडी सडक अशा मिश्र वाटेवर सायकलींची शर्यत खेळतात. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 सालीं पॅरिस येथें झाली. त्या शर्यतींतील टायर आपणांस पुष्कळ शिकवितात. कोरड्या वाटेसाठीं कानशीसारखी बारीक नक्षी असते. चिखलासाठीं उंच दांते असतात, आणि ते एकमेकांपासून दूर असतात. हें दूर असणें फार महत्त्वाचें. जवळजवळ बसविलेल्या दांत्यांमध्यें माती अडकून राहते व थोड्याच वेळांत दांत्यांचा टायर गुळगुळीत टायराहून वाईट होतो; अंतर मोठें असेल तर चाक फिरतांना माती झडून पडते. परंतु हेच उंच दांते डांबरावर वळणांत लवतात, घरघरतात व लौकर झिजतात. म्हणून ज्याची अर्धी वाट सडकेची आहे, त्यानें मध्यावर सलग पट्टा किंवा ठेंगणी नक्षी आणि कडांस विरळ दांते, असा टायर पाहावा. सरळ सडकेवर मधला पट्टा चालतो; चाक चिखलांत रुतलें म्हणजे कडेचे दांते माती धरतात.

दुकानीं जाण्यापूर्वीं टायराच्या बाजूवर छापलेलें माप वाचावें. शर्यतींत टायराची रुंदी 33 मिलिमीटरांहून अधिक चालत नाहीं, व तो 622 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. जुन्या काळ्या सायकलीचा 28 × 1½ हा टायर मात्र 635 मिलिमीटरांचा. फरक अवघा 13 मिलिमीटर, पण एकाचा टायर दुसरीवर कदापि बसणार नाहीं. आपणांस शर्यत खेळावयाची नसल्यानें 35 ते 40 मिलिमीटर रुंदी बरी. मात्र टायर व चिमटा यांमध्यें दोन्ही बाजूंनीं करंगळी सहज जावी. मडगार्ड फार जवळ असेल तर काळी माती तेथें ठासून बसते व चाक जागच्याजागीं थांबतें.

हवेचें गणित तर वर्गांतच करून पाहण्याजोगें आहे. विद्यार्थी 45, दप्तर 7 व सायकल 18, मिळून 70 किलो. त्यांपैकीं सुमारें 60 टक्के, म्हणजे 42 किलो, मागील चाकावर येतें. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरास 4 किलो असेल, तर टायर जमिनीस सुमारें 10½ चौरस सेंटिमीटर टेकेल. 2½ किलो असेल तर जवळजवळ 17. टेकणारी जागा वाढली म्हणजे चाक कमी रुततें. पण इतक्याच कमी हवेवर सडकेचा खड्डा लागला, तर ट्यूब रिम व दगड यांमध्यें चिमटून तिला शेजारीं-शेजारीं दोन भोकें पडतात. बाभळीच्या कांट्याचें भोंक बहुधा एकटें असतें. तेवढ्यावरून दोष कोणाचा तें ओळखतां येतें. यास्तव टायरावर छापलेल्या मर्यादेंतच हवा उतरवावी व लहानसा पंप जवळ बाळगावा.

एकच टायर घ्यावयाचा तर कोणत्या चाकास? पुष्कळांचें मत मागील चाकास, कारण जोर तेथें लागतो. माझें मत उलट आहे. मागचें चाक चिखलांत जागींच फिरलें तर आपण उतरून ढकलूं. पुढचें घसरलें तर सावरण्यास अवकाशच मिळत नाहीं. म्हणून दांत्यांचा टायर पुढें. बाजूवर बाण असल्यास चाक त्याच दिशेनें फिरेल असा तो बसवावा.

एवढें करूनही भर पावसांत काळ्या पाणंदींत कोणताच टायर पुरा पडत नाहीं. सायक्लोक्रॉसचे नामांकित खेळाडूही तशा जागीं सायकल खांद्यावर घेऊन धांवतात. त्यांत कमीपणा मानीत नाहींत.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढचा टायर घेतला, व मागचा जुनाच ठेवला आहे. पाणंद संपून सडक लागते तेथें तो आतां उतरतो, काडीनें दोन्ही चाकांची व ब्रेकची माती काढतो, पंपानें हवा भरतो, आणि मगच सडकेवर चढतो. यास पांच मिनिटें लागतात. त्यासाठीं तो घरून तितका लौकर निघतो.