अपरिचित इंग्रजी शब्दांशी ओळख कशी करावी ?

परीक्षेच्या उत्तरपत्रिका परत देण्याचा दिवस आला म्हणजे वरच्या वर्गांतील एकदोन तरी विद्यार्थी आपला इंग्रजी निबंध पुढें करून आम्हांस विचारतात कीं, "सर, आमचें लिहिणें इतकें फिकें कां वाटतें ? शब्दसंग्रह वाढविण्यासाठीं काय करावें ? शब्दकोश पाठ केला तर चालेल काय ?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचें उत्तरही प्रामाणिकपणें देणें आमचें कर्तव्य आहे. शब्दकोश पाठ करण्याचा उपाय आम्हीं स्वतः एके काळीं करून पाहिला आहे, व त्यांतून काय निष्पन्न झालें तें प्रथम सांगतों.

आम्ही कॉलेजांत शिकत असतां एका जाड वहींत शब्दकोशांतील लांबलचक शब्द उतरून घ्यावे, आणि संधि सांपडेल तेथें ते योजावे, असा आमचा क्रम होता. त्या वहींत 'एग्रीजियस' हा एक शब्द होता. लॅटिन भाषेंत 'ग्रेक्स' म्हणजे कळप, आणि 'ए' म्हणजे बाहेर. तेव्हां कळपांतून उठून दिसणारा, असामान्य, असा त्याचा मूळ अर्थ. हा अर्थ आमच्या मनांत फारच भरला. पुढें थोड्याच दिवसांनीं, ज्यांनीं लहानपणीं आमच्या हातीं पाटी दिली ते वृद्ध गुरुजी प्रभूच्या घरीं गेले. त्यांचे चिरंजीव दूर परप्रांतीं नोकरीस होते. त्यांस आम्हीं सांत्वनाचें पत्र लिहिलें. तें मराठींत सहज लिहितां आलें असतें. परंतु आपलें शिक्षण दिसावें म्हणून आम्हीं तें इंग्रजींत लिहिलें, आणि त्यांत त्यांच्या वडिलांस 'एग्रीजियस शिक्षक' असें म्हटलें. पंधरा दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें, तें मात्र मराठींत होतें. पत्राबद्दल आभार मानून त्यांनीं शेवटीं एवढेंच विचारलें होतें कीं, "बाबांच्या हातून आपला कांहीं अपराध घडला होता काय ?"

आम्हीं घाबऱ्या घाबऱ्या पुन्हा शब्दकोश उघडला. मूळ अर्थ आम्हीं बरोबर वाचला होता. त्याच्या पुढील ओळ वाचली नव्हती. हा शब्द इंग्रजींत पूर्वीं स्तुतिपर होता खरा, परंतु तो केव्हांच उलटला. आज तो घोर चुकीस, धडधडीत अन्यायास, डोळ्यांत भरेल अशा वाईटपणास लावितात. शोकाच्या वेळीं एका मुलाच्या हातीं आम्हीं त्याच्या पित्याची निंदा दिली होती. आम्हीं त्याच दिवशीं मराठींत क्षमेचें पत्र धाडलें, व त्यांनीं मोठ्या मनानें क्षमाही केली. पण ती जाड वही आम्हीं पुन्हा उघडली नाहीं. त्यानंतर हळूहळू जी रीत आम्हांस उपयोगी वाटली ती खालीं चार भागांत देत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, शब्दाची भेट वाक्यांत झाली पाहिजे. माणसाची खरी पारख त्याच्या सोबत्यांवरून होते, तशीच शब्दाचीही होते. वाचतांना नवा शब्द आला कीं प्रथम मागचापुढचा मजकूर पाहून अर्थाचा तर्क करावा, मग शब्दकोश उघडावा, आणि तेथें दिलेले सर्व अर्थ शेवटपर्यंत वाचावे. तोच शब्द तीन निरनिराळ्या ठिकाणीं भेटल्यावांचून तो आपल्या लेखणीनें लिहूं नये. जुन्या ग्रंथांविषयीं तर विशेष सावधगिरी पाहिजे. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत 'प्रिव्हेंट' याचा अर्थ 'पुढें जाणें' असा आहे, 'लेट' याचा अर्थ कांहीं ठिकाणीं 'अडविणें' असा आहे, आणि 'क्विक' म्हणजे 'जिवंत'. आज 'प्रिव्हेंट' म्हणजे प्रतिबंध करणें, 'लेट' म्हणजे करूं देणें, व 'क्विक' म्हणजे जलद. शब्द दिसावयास तेच, परंतु 'लेट' तर तेथें आजच्या अर्थाच्या अगदींच उलट अर्थानें भेटतो. हें ध्यानांत न घेतां जो जुना अर्थ आजच्या पत्रांत घालील, त्याची गत आमच्यासारखी होईल.

दुसरी गोष्ट, शब्दाच्या पोटांतील चित्र शोधावें. चित्र दिसलें म्हणजे घोकण्याचें कारण उरत नाहीं. इंग्रजींत स्नायूस 'मसल' म्हणतात. तो ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ 'लहान उंदीर' असा आहे. दंड वळविला असतां कातडीखालीं उंदीर पळाल्यासारखा त्या लोकांस वाटला असावा. आपल्या पूर्वजांस तेथें बेडूक दिसला, म्हणून आपण त्यास 'बेडकुळी' म्हणतों. 'सुपरसिलिअस' म्हणजे दुसऱ्यास तुच्छ लेखणारा ; त्याच्या मुळाशीं भुवई हा अर्थ आहे. भुवई चढवून पाहणारा मनुष्य डोळ्यांपुढें आणा, म्हणजे शब्द विसरणार नाहीं. 'प्रोक्रॅस्टिनेट' यांत 'क्रास' म्हणजे उद्यां ; आजचें काम उद्यांवर ढकलणें, हा त्याचा अर्थ. 'रिकॅल्सिट्रंट' यांत 'टाच' आहे. लाथा झाडणाऱ्या जनावराप्रमाणें जो आज्ञा मानीत नाहीं तो. शेवटचे दोन शब्द कोणाकोणास लागू पडतात हें आमच्या वर्गांतील मुलांस सांगावयास नको !

मूळ एक कळलें कीं त्याचें सर्व कुटुंब ओळखीचें होतें. लॅटिनमध्यें 'लोक्वी' म्हणजे बोलणें. त्यावरून 'एलोक्वंट' म्हणजे वक्तृत्वसंपन्न, 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या, 'सॉलिलोक्वी' म्हणजे स्वगत भाषण, 'कलोक्विअल' म्हणजे बोलीतील, आणि 'व्हेंट्रिलोक्विस्ट' म्हणजे शब्दशः पोटांतून बोलणारा. ही युक्ति आपणांस नवी नाहीं. संस्कृतच्या तासास एका 'हृ' धातूस निरनिराळे उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द तुम्हीं केलेच आहेत. तीच किल्ली येथें चालवावी. मात्र आमची गोष्ट विसरूं नये : मूळ हें आठवणीस साहाय्य करतें, आजच्या अर्थाची हमी देत नाहीं.

तिसरी गोष्ट, प्रत्येक इंग्रजी शब्दास मराठींत जोडीदार शोधावा. थोडें बोलणाऱ्याविषयीं इंग्रजींत तीन शब्द पहा. 'लॅकोनिक' हा स्पार्टन लोकांच्या लॅकोनिया प्रांतावरून आला. थोडक्या शब्दांत नेमकें बोलणारा, म्हणजे आपला मितभाषी. 'टॅसिटर्न' हा स्वभावानेंच अबोल, कधीं कधीं घुमा. 'रेटिसंट' हा बोलूं शकतो, परंतु मनांतील गोष्ट राखून ठेवतो. हा भेद मराठींत सांगतां आला तरच इंग्रजी शब्द कळला असें समजावें. ज्याची मातृभाषा दरिद्री राहिली त्याची परभाषा श्रीमंत होत नाहीं. मोल्सवर्थ साहेब परदेशाहून येथें आले, येथील शास्त्र्यांचें साहाय्य घेऊन त्यांनीं मराठी शब्द गोळा केले, व १८३१ सालीं आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं निघाली, आणि १८६३ सालीं आपले बाबा पदमनजी यांनीं तिचा संक्षेप केला. परक्या मनुष्यानें आपल्या शब्दांसाठीं एवढे कष्ट घ्यावे, आणि आपण मात्र आपले शब्द सोडून त्याचे घोकावे, हें शोभत नाहीं. शब्दांची ये-जा तर दोन्हीं बाजूंनीं चालते. इंग्रजींतील 'मंगूस' हा मराठी मुंगूसच आहे. त्याचें अनेकवचन मात्र 'गूस'चें 'गीस' होतें तसें 'मंगीस' होत नाहीं, 'मंगूसेस' असें होतें, हेंही येथेंच टिपून ठेवावें.

चवथी गोष्ट वहीची. आठवड्यास पांच शब्द पुरेत. प्रत्येक शब्दापुढें त्याचा उच्चार, मूळ, आजचा अर्थ, मराठी प्रतिशब्द, ज्या वाक्यांत तो भेटला तें वाक्य, व शेवटीं स्वतःचें एक वाक्य लिहावें. हें शेवटचें वाक्य आपल्या घरचें, वसतिगृहाचें किंवा खेळाच्या मैदानाचें असावें. पुस्तकांतून उतरलेलें नसावें. एका वर्षांत असे दोनशें साठ शब्द होतात, व चार वर्षांत एक हजारावर जातात. उच्चाराविषयीं आळस करूं नये. शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोकांनीं पळून जाणाऱ्यांस 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लाविलें. एफ्राइमी लोकांस 'श' म्हणतां येईना, ते 'सिब्बोलेथ' म्हणाले, आणि तेवढ्यावरून ओळखले जाऊन मारले गेले. कणीस किंवा प्रवाह असा साधा अर्थ असलेला हा हिब्रू शब्द त्यामुळें इंग्रजींत 'पक्षाची खूण' या अर्थानें रूढ झाला. मात्र ही कथा वाचून कोणी दुसऱ्याच्या उच्चारास हंसूं नये. शब्दावरून माणसास दूर लोटणें किती भयंकर असतें, हाच तिचा बोध आहे.

आतां कोणी विचारील कीं, अपरिचित शब्द वापरावा तरी केव्हां ? आमचें उत्तर असें कीं, साध्या शब्दानें काम भागत नसेल तेव्हांच. एक गोष्ट शोधावयास निघावें आणि दैवयोगानें दुसरीच मौल्यवान गोष्ट हातीं लागावी, यास इंग्रजींत एकही शब्द नव्हता. म्हणून होरेस वॉलपोल यांनीं १७५४ सालीं एका पत्रांत 'सेरेन्डिपिटी' हा शब्द नवा घडविला. सेरेन्डिप हें सिंहलद्वीपाचें जुनें नांव. तेथील तीन राजपुत्रांच्या कथेवरून त्यांस तो सुचला. शब्दाची गरज होती, म्हणून तो टिकला. जो शब्द केवळ विद्वत्ता मिरविण्यासाठीं योजिला जातो, तो वाचणाऱ्यास शिणवितो, आणि एकाद्या वेळीं दुखवितोही.

शेवटीं या आठवड्याच्या पांच शब्दांपैकीं पहिला शब्द आम्हीच देतों. तो 'स्क्रूपल' होय. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ लहान टोंकदार खडा. वहाणेंत असा खडा गेला म्हणजे पाऊल टाकवत नाहीं. त्याप्रमाणें अयोग्य कृत्य करूं जातां मनास जी टोंचणी लागते ती 'स्क्रूपल'. न समजलेला शब्द कागदावर उतरवितांना विद्यार्थ्यांस ही टोंचणी लागावी, अशी आमची इच्छा आहे. बाकीचे चार शब्द तुम्हीं स्वतः शोधावे, आणि पुढील सोमवारीं वही आम्हांस दाखवावी.