काचेपलीकडचा मासा

घरात फिश टँक असलेला प्रत्येक जण कधी ना कधी माशांचे फोटो काढतोच. आणि बहुतेक फोटोंत मासा कमी, मोबाईल धरलेला आपलाच हात जास्त दिसतो! दोष कॅमेऱ्याचा नसतो. टाकीचा फोटो म्हणजे हवा, काच आणि पाणी अशा तीन माध्यमांतून केलेला प्रवास. बारावीचं प्रकाशशास्त्र इथे खरोखर कामाला येतं. आमच्या घरच्या दोन फुटी टाकीवर खटपट करून जे हाती लागलं, ते मांडतो.

१. प्रतिबिंब
काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. ४ टक्के म्हणजे किरकोळ वाटेल. पण खोलीत लख्ख उजेड आणि टाकी अंधुक असेल, तर मासा झाकायला तेवढे पुरतात. म्हणून खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले, फक्त टाकीवरचा दिवा चालू. अंगात गडद शर्ट. मोबाईलचा फ्लॅश नकोच, तो काचेवर आपटून थेट लेन्समध्ये येतो. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा. मध्ये जागाच नाही, तर प्रतिबिंब येणार कुठून?

२. कोन
पाण्याचा अपवर्तनांक १.३३. काचेतून तिरकं पाहिलं की किरण वाकतात, आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. मग माशाच्या कडेला रंगीत झालर येते, खवले पुसट होतात. म्हणून कॅमेरा काचेला काटकोनातच. मासा खाली गेला तर आपण खाली बसायचं, कॅमेरा कलवायचा नाही. थोडक्यात, उठाबशांची तयारी ठेवा!

३. शटर
निऑन टेट्रासारख्या चपळ माशाला १/२५० सेकंद हवा. पण आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातले काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि वेगवान शटरला फोटोत काळपट पट्टे उमटतात. पट्टे दिसले तर १/१०० वर या आणि मासा वळताना क्षणभर थांबतो तेव्हा टिपा. आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो, पण हललेल्यापेक्षा दाणेदार परवडला. फोकस नेहमी डोळ्यावर.

४. तयारी
काच आतून-बाहेरून पुसा, गाळ खाली बसू द्या. बुडबुडे नकोत म्हणून हवेचा पंप पाच मिनिटं बंद ठेवा आणि आठवणीने पुन्हा सुरू करा. काचेवर टकटक तर अजिबात नको. घाबरलेल्या माशाचा रंग फिका पडतो.

एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या रूम-पार्टनरने विचारलं होतं. उत्तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिळालं. फोटो मोठा करून बघताना एका टेट्राच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे तीन पांढरे ठिपके दिसले. पळत्या माशावर ते नुसत्या डोळ्यांना कळलेच नव्हते. हा परजीवीचा आजार, एकाकडून सगळ्या टाकीत पसरणारा. तोच फोटो दुकानदाराला दाखवला, त्याने सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी औषध सुरू केलं आणि सगळे मासे वाचले.

तेव्हापासून दर रविवारी बहीण घरून त्याच जागेवरून, त्याच दिव्यात काढलेला एक फोटो पाठवते आणि मी हॉस्टेलवर बसून तो आधीच्या फोटोशी ताडून बघतो. माशाला बोलता येत नाही; तेवढं काम एक स्वच्छ फोटो करतो. तुमच्या घरी टाकी असेल, तर पुढच्या सुट्टीत करून बघाच!