वाड्याला हात लावण्याआधी

बाळा, आबांचा वाडा तुझ्या हाती आला, जीव निवला माझा. मी तिथेच जन्मले, दोनदा डागडुजी केली, करायच्या त्या चुका करून झाल्या. त्या तू पुन्हा करू नयेस म्हणून आत्याचं एवढं ऐक.

१. पहिला पावसाळा काही पाडू नकोस, काही बसवू नकोस. रात्री पाऊस लागला की टॉर्च घेऊन माळ्यापासून जोत्यापर्यंत फिर — ओल कुठून शिरते ते तेव्हाच दिसतं, उन्हाळ्यात सगळे नुसते अंदाज करतात.

२. भिंती बोटांनी ठोकत जा. पोकळ आवाज आला तर बुजवलेला कोनाडा असेल, नाहीतर सुटलेला गिलावा — दोन्हीकडे जोराचा घाव नुकसानच करतो. माजघरातली देवळी मला अशीच सापडली, पण तिची अर्धी महिरप माझ्या घाईने गेली. आधी कान, मग छिन्नी.

३. मोठ्या दरवाजामागे भिंतीत चौकोनी भोक दिसेल, ते उंदराचं बीळ समजून बुजवू नकोस — अडसर दिवसा त्यातच सरकवून ठेवत, अजूनही आत असेल.

४. नवी फरशी घालताना खांबाखालचा दगडी तळखडा बुडू देऊ नकोस — लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणूनच तो तिथे आहे. पाय कोरडा, त्याचा खांब म्हातारा.

५. मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, म्हणजे नको. मी मागच्या भिंतीला केला; तिसऱ्या पावसाळ्यात तो फुगला आणि विटांचे पापुद्रे घेऊनच खाली आला — चुना ओल पितो आणि सोडूनही देतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. भिजलेल्या मातीचं काय होतं ते पुण्याने १२ जुलै १९६१ला पाहिलंय. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले.

६. कळीचा चुना विरवताना पाण्यात चुना थोडाथोडा सोड, चुन्यावर पाणी ओतू नकोस, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच — तो उकळून उडतो आणि डोळा कायमचा जातो. मग महिनाभर तरी पाण्याखाली मुरू दे. गूळ, बेलफळ, हिरडा किती घालायचा ते जुन्या गवंड्यालाच विचार. आणि थर पातळ देऊन काही दिवस ओलसर ठेव — चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. चुन्याला आणि नव्या सुनेला घाई करू नये; तुझ्या बायकोलाही हे वाचून दाखव.

७. कडीपाटावरच्या मातीवर काँक्रीट चढवू नकोस — कड्यांना त्या वजनाची सवय नाही. भिंतीत शिरलेली कड्यांची टोकं मात्र टोच्याने तपास — लाकूड कुजतं ते तिथूनच.

८. दारांवरचा जुना तेलरंग कोरडा घासू नकोस, पोरांना जवळ येऊ देऊ नकोस — त्या रंगात शिसं असू शकतं आणि ते धुळीतून पोटात जातं.

९. सागवानाला जवसाचं तेल लावलंस की चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. बाहेर एकेक पसरून वाळव — बोळ्यात ऊब साठते आणि काडी न लावता तो पेटतो. लाकडी घराला आग म्हणजे काय ते १८२८ साली शनिवारवाड्यात झालं: महाल गेले, तट आणि जोती उरली.

१०. बळद किंवा तळघर उघडलंस तर लगेच आत उतरू नकोस, कुणाला उतरवूही नकोस. उघडं ठेव, हवा तपासणाऱ्या जाणकाराला बोलाव — कोंडलेल्या जागेत प्राणवायू नसला तर पहिला पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. आत दिवा जळतो म्हणजे हवा चांगली, या भरवशावर जाऊ नकोस.

११. भिंतीत नाणी-दागिने निघाले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळव — १८७८चा निखात निधीचा कायदा तसं सांगतो, आणि दहा रुपयांवरच्या ऐवजाला तो लागू आहे. लपवलेलं सोनं झोप खातं.

१२. कौलं वैशाखात चाळून घे, फुटकी बदल. मंगळुरी कौलाच्या मागचा शिक्का वाचून त्याच साच्याची शोध — साचा वेगळा असला तर खाचा जुळत नाहीत आणि पाणी आत येतं. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळुरात कारखाना काढला, मग इतरांनीही काढले. तेव्हा शिक्के बरेच भेटतील.

१३. निघालेला खिळा, कडी, कोयंडा, नक्षीचा तुकडा, काहीही टाकू नकोस. कागदात बांधून वर जागा लिही — सुतार नवं घडवतो ते जुनं हातात घेऊन. त्या देवळीच्या महिरपीचे तुकडे माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.