भांडखोर मासे एकत्र कसे ठेवावेत?

जबलपूरला आमच्या घरी चार फुटांची माशांची टाकी आहे. तिच्यात आज एकोणीस मासे आहेत आणि एकोणीसच्या एकोणीस भांडखोर आहेत. तरीही गेल्या सव्वा वर्षात एकही मासा मारामारीत मेलेला नाही. त्याआधी मात्र एक मेला होता आणि ती चूक माझी होती. ज्यांना हा छंद लागणार आहे त्यांचे मासे वाचावेत, म्हणून ती चूक आणि तिच्यातून शिकलेल्या गोष्टी इथे सांगतो.

आमचे मासे सिक्लिड कुळातले. हे कूळ फार मोठे आहे. आपल्या तलावांत सापडणारा तिलापिया सिक्लिडच आणि केरळात आवडीने खातात तो करीमीनही सिक्लिडच. आमच्याकडच्या जाती मूळच्या आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या आहेत. हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेले आहे. त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त आणि खोली सुमारे ७०० मीटर. तिथल्या खडकाळ किनाऱ्याजवळ राहणाऱ्या सिक्लिडांना ‘म्बुना’ म्हणतात. खडकावरचे शेवाळ हे त्यांचे मुख्य अन्न आणि खडकाची कपार हे त्यांचे घर. म्हणून नर आपल्या कपारीसाठी लढतो. पण सरोवरात हरलेला मासा पळून जाऊ शकतो. दोन-तीन मीटर लांब गेला की जिंकणारा त्याला सोडून देतो. टाकीत मात्र थोड्याच अंतरावर काच लागते. हरलेला दिसतच राहतो आणि जिंकणाऱ्याला वाटते, हा अजून गेला का नाही! मासा मरतो तो यामुळे.

हे मला तेव्हा माहीत नव्हते. आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अडीच फुटांच्या टाकीत मी चार ऑरॅटस आणले. या जातीची पिल्ले आणि माद्या पिवळ्या असतात, अंगावर काळे पट्टे. जो नर वरचढ ठरतो तो हळूहळू गडद होत जातो. आमच्यातला एक दीड महिन्यात काळा पडला आणि टाकीचा राजा झाला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी धाकट्या बहिणीसाठी एक पिवळीधमक लॅबिडोक्रोमिस आणून टाकीत सोडली. बहिणीने तिचे नाव ‘हळदी’ ठेवले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत परत आलो.

रविवारी फोनवर बहीण म्हणाली, “दादा, हळदी वर कोपऱ्यात हीटरच्या मागे उभी असते. खाली येतच नाही.” मी म्हणालो, “होईल सवय.” पुढच्या रविवारी बहीण फोनवर आलीच नाही. आईने सांगितले की हळदी मेली, तिची शेपटी जवळजवळ उरली नव्हती. सिक्लिड वरच्या कोपऱ्यात उभा राहिला की त्याला खाली कुठेही जागा उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते सवयीने सुटत नाही. त्याला त्याच दिवशी बाहेर काढावे लागते.

दिवाळीत बाबांनी चार फुटांची टाकी आणली. आणखी सहा मासे आले. कोणी मेले नाही, पण अर्धी टाकी राजाची आणि बाकीचे सगळे उरलेल्या अर्ध्यात, अशी अवस्था वर्षभर होती. उपाय सापडला तो योगायोगाने. नववीच्या दिवाळीत आम्हाला टेम्पररी क्वार्टरमधून पक्के क्वार्टर मिळाले. मासे झाकणाच्या बादल्यांत घालून, बॅटरीचा एअरपंप लावून नेले. नव्या घरी घाईघाईने दगड रचले, जसे हाताला लागले तसे. मासे सोडले आणि राजा पाहुण्यासारखा इकडेतिकडे फिरू लागला. त्याची कपारच नव्हती! तीन दिवस जवळजवळ कोणी कोणाला चावले नाही. मग नव्या सीमा ठरल्या, पण या वेळी राजाला एकच कोपरा मिळाला. म्हणजे भांडण स्वभावाचे कमी आणि जागेचे जास्त होते. तेव्हापासून आम्ही पुढील नियम पाळतो.

१. टाकी निदान चार फुटांची हवी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पळायचे आडवे असते.

२. दगड आधी काचेच्या तळावर पक्के बसवावेत, मग वाळू टाकावी. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड कलंडून मासा चिरडू शकतो, काचही फुटू शकते.

३. दगडांची रास मध्ये मध्ये उंच करावी, म्हणजे एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसत नाही. जो दिसत नाही त्याचा राग येत नाही. कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त असाव्यात.

४. एका नराबरोबर त्याच जातीच्या तीन-चार माद्या ठेवाव्यात. दिसायला सारख्या जाती टाळाव्यात. हळदीचा पिवळा रंग ऑरॅटसच्या रंगाशी मिळताजुळता होता, हीही माझी चूक.

५. ऐकायला विचित्र वाटेल, पण मासे फार थोडे नसावेत. चार मासे असले तर राजा एकालाच धरतो. अठरा-वीस असले तर राग वाटला जातो. मात्र त्यासाठी फिल्टर दुप्पट ताकदीचा हवा आणि दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायलाच हवे.

६. पाणी कठीण आणि अल्कधर्मी लागते. पीएच ७.८ ते ८.६ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस.

७. नवा मासा एकटा कधीही सोडू नये. चार-पाच एकत्र आणावेत, आधी सगळे दगड हलवावेत, दिवा मालवून मग सोडावेत. दगड हलवले की जुने आणि नवे सारखेच नवखे होतात.

८. एखादा फारच त्रास देत असेल तर बळी पडणाऱ्याला नव्हे, त्यालाच काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवावे. तो परत येतो तेव्हा त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

९. मादी अंडी आणि पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते. तिला लपायला जागा द्यावी.

१०. नको झालेला मासा तलावात किंवा नदीत सोडू नये. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया आज कितीतरी तलावांत देशी माशांना भारी पडला आहे. मासा दुकानात परत द्यावा.

आता थोडे शाळेचे. यंदा ऑगस्टमध्ये, सत्र सुरू झाल्यावर बऱ्याच उशिरा, सातवीचा एक मुलगा आमच्या डॉर्ममध्ये आला. बाकीच्यांच्या खाटा, कपाटे, मेसमधल्या जागा ठरून गेल्या होत्या. त्याला दाराजवळची खाट मिळाली. त्याला कोणी मारत नव्हते, पण तो कुठेही बसला की “ही माझी जागा आहे” म्हणून कोणीतरी उठवायचे. मी डॉर्मचा प्रीफेक्ट. एका ज्युनिअरने हे मला येऊन सांगितले तेव्हा मी म्हणालो, “होईल सवय.” म्हणालो आणि गप्प झालो. हेच वाक्य मी बहिणीला फोनवर म्हणालो होतो.

त्याच संध्याकाळी मी हाउसमास्टर सरांकडे गेलो आणि डॉर्ममधल्या सगळ्याच खाटा बदलायची परवानगी मागितली. सरांनी कारण विचारले, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. सर, आपण हा लेख वाचत असाल तर कारण हे होते.

रविवारी चिठ्ठ्या टाकून सगळ्यांच्या खाटा बदलल्या. आठवडाभर सगळे कुरकुरत होते. मीसुद्धा, कारण माझी खिडकीजवळची खाट गेली आणि चिठ्ठीत दाराजवळचीच आली. तो मुलगा अजूनही फार बोलत नाही. पण मेसमध्ये आता टेबलाच्या टोकाला बसत नाही, मधे बसतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी